दिवाळीत मालदीव, ६ डाइव्ह आणि १० स्पॉटची यादी

पत्र: ताई, मी साताऱ्याची, वय ४१, शाळेत शिकवते. मागच्या जानेवारीत अंदमानात हॅवलॉकला ओपन वॉटर (स्कूबा डाइव्हिंगचा पहिला) कोर्स केला, आतापर्यंत एकूण ६ डाइव्ह झाल्यात. या दिवाळीत आम्ही तिघं मालदीवला जायचं म्हणतोय, लक्ष्मीपूजन झालं की दुसऱ्या दिवशी निघायचं, ८ दिवस. रिसॉर्ट परवडणार नाही, गावातल्या गेस्टहाऊसला राहू. मी नेटवरून १० बेस्ट स्पॉटची यादी काढलीय, फुवाहमुलाचे टायगर शार्क, रसधूचे हॅमरहेड, मालेजवळचं व्हिक्टरी जहाज, माया थिला, अलिमाथाची नाईट डाइव्ह, हनिफारूचे मांता रे मासे, व्हेल शार्क वगैरे. यातलं जास्तीत जास्त कसं बसवू? मुलगी १३ वर्षांची, तिलाही शिकायचंय. मिस्टरांना पोहता येत नाही. मला बीपीची गोळी चालू आहे, पण कंट्रोलमध्ये आहे. सासूबाई म्हणतात जीवाशी खेळ कशाला. तुम्हाला काय वाटतं?

उत्तर:

तुमचं पत्र वाचून खूप आनंद झाला, कारण चाळिशीनंतर पाण्याखाली जायला शिकलेली बाई आपल्याकडे अजून फार दिसत नाही आणि तुम्ही तर पोरीलाही सोबत नेताय. पण आधी एक गोष्ट स्पष्ट सांगते, ती यादी बाजूला ठेवा. यादी चुकीची नाहीये, त्यातले सगळे स्पॉट खरंच भारी आहेत, पण ती ज्याने केलीय त्याला तुमचा महिना माहीत नाही आणि तुमच्या ६ डाइव्ह माहीत नाहीत, आणि मालदीवमध्ये ह्या दोनच गोष्टींवर सगळं ठरतं.

नकाशा उघडून बघा. सुमारे १२०० बेटं, २६ अटॉल, उत्तर-दक्षिण आठशेहून जास्त किलोमीटर पसरलेली. अटॉल हा शब्दच मुळात त्यांच्या धिवेही भाषेतला आहे, अतोळु. म्हणजे प्रवाळाचं एक मोठं कडं, आत उथळ निळं पाणी, बाहेर खोल समुद्र आणि कड्याला मधेमधे खिंडारं. त्या खिंडाराला ते कंडू म्हणतात. समुद्राचं पाणी ह्या कंडूतून आतबाहेर करतं आणि जिथे पाण्याला ओढ जास्त तिथे शार्क ओढीकडे तोंड करून थांबलेले असतात. म्हणजे शार्क बघायचे तर ओढीत उभं राहावं लागतं, हे गणित लक्षात ठेवा. थिला म्हणजे पाण्याखालचा डोंगर, ज्याचा माथा पृष्ठभागापर्यंत येत नाही, आणि गिरी म्हणजे तसाच पण माथा अगदी वर आलेला, उथळ. स्पॉटच्या नावातच हे असतं, त्यामुळे नाव वाचूनच अर्धा अंदाज येतो. तुमच्यासाठी सध्या गिरी आणि आतल्या बाजूचे रीफ, मग थिला, कंडू सगळ्यात शेवटी.

आता तुमची यादी एकेक घेऊ.

फुवाहमुला. हे विषुववृत्ताच्याही खाली, एकटं बेट, भोवती अटॉलचं कडं नाही, म्हणून लगेच खोल समुद्र. टायगर शार्क तिथे वर्षभर असतात कारण हार्बरच्या तोंडाशी मच्छीमार माशांची डोकी-आतडी टाकत आलेत आणि शार्कना ती जागा पाठ झालीय. डाइव्ह तशी उथळ आहे, लोक खाली एका रांगेत थांबतात आणि ४-४ मीटरचे शार्क समोरून फिरतात. मी स्वतः केलीय, आणि मला वाटतं की तिथे जाणाऱ्याचं बॉयन्सीकडे, म्हणजे ना वर ना खाली असं हवं तिथे तरंगत राहण्याकडे, लक्षच जाऊ नये इतकी ती हातात बसलेली हवी. ६ डाइव्हमध्ये ती कुणाचीच बसत नाही. ४०-५० झाल्या की जा, शार्क कुठे पळून जात नाहीत. २०१० साली मालदीवने शार्क पकडायलाच बंदी घातली.

रसधूचे हॅमरहेड. पहाटे उठून, कड्याच्या बाहेर, निळ्या पाण्यात, खाली तळ दिसत नाही आणि ते सहसा २५-३० मीटरच्या आसपास असतात. तुमच्या ओपन वॉटर कोर्सच्या कार्डावर मर्यादा १८ मीटर. इथे विषय संपला. कुणी म्हणालं की चला मॅडम काही होत नाही, तर त्या सेंटरला नमस्कार करून दुसरं सेंटर बघा. कायद्यानेच तिथे हौशी डाइव्हरला ३० मीटरच्या खाली न्यायची मनाई आहे, कितीही अनुभवी असला तरी.

मालदीव व्हिक्टरी तसंच. १९८१ साली विमानतळाच्या बेटाशी बुडालेलं मालवाहू जहाज, तळ ३५ मीटरवर आणि पाण्याला ओढ भयंकर. अ‍ॅडव्हान्स्ड कोर्स झाल्यावर.

माया थिला मात्र मनात ठेवा, उत्तर आरी अटॉलमध्ये आहे, माथा साधारण ६ मीटरवर, पाणी शांत असेल तर ओपन वॉटरवाल्यालाही झेपते आणि रात्रीची तर फार सुंदर, व्हाइटटिप शार्क शिकारीला बाहेर पडलेले दिसतात. पण ती तुमच्या ह्या ट्रिपच्या रस्त्यात येत नाही. अलिमाथा वावू अटॉलमध्ये, जेटीजवळ रात्री नर्स शार्कची गर्दी, उथळ आहे, धोका कमी, पण माणसांचीही तितकीच गर्दी, टॉर्चचा उजेड, कुणाची फिन कुणाच्या मास्कला. पहिली नाईट डाइव्ह तरी तिथे नको.

वावूचं नाव निघालं म्हणून माझं सांगते. माझ्या तेव्हा ११ डाइव्ह झाल्या होत्या आणि मला वाटायचं की मला सगळं येतं. एका सेंटरने, नाव लिहीत नाही, मला एका कंडूवर नेलं, ब्रीफिंग पाच मिनिटांचं, बीसीडी (हवा भरायचं जॅकेट) रिकामं करून थेट खाली जायचं आणि काठाला धरायचं असं ठरलं. माझा डावा कान उघडेना म्हणून मी ४-५ मीटरवर थांबले, तेवढ्यात बाकीचे खाली आणि मी पाण्याबरोबर बाजूला. गाईड परत माझ्यामागे आला म्हणून बरं, पण तोपर्यंत आम्ही दोघं कंडूच्या बाहेर, चारी बाजूंनी नुसतं निळं, वर कुठे खाली कुठे कळेना, आणि मी इतक्या जोरात श्वास घेत होते की टाकी बघता बघता अर्धी झाली. वर आल्यावर गाईडने त्याचा केशरी फुगा फुगवून उभा धरला आणि दोणी येईपर्यंत आम्ही बराच वेळ लाटांवर तरंगत होतो. काही झालं नाही. पण त्यानंतर वर्षभर मी पाण्यात उतरले नाही, आणि ते वर्ष मला आजही परत हवंसं वाटतं. तुमचं असं वर्ष जाऊ नये म्हणून एवढं लांबण लावतेय.

(ती त्यांची दोणी म्हणजे आपली डोणीच बरं का, ऐकलं की कोकणातलीच वाटते.)

आता तुमच्या महिन्याकडे येऊ, आणि इथे तुमचं नशीब फार चांगलं आहे. मालदीवमध्ये दोन मान्सून. साधारण मे ते नोव्हेंबर नैर्ऋत्येचा, त्यात पाणी पश्चिमेकडून पूर्वेकडे ढकललं जातं, म्हणजे अटॉलच्या पूर्व बाजूला प्लँक्टन (पाण्यातले सूक्ष्म जीव) साचतं, पाणी थोडं गढूळ होतं आणि ते खायला मांता येतात. डिसेंबर ते एप्रिल ईशान्येचा, तेव्हा सगळं उलट, पूर्वेचे कंडू स्वच्छ आणि मांता पश्चिमेला. नेटवरच्या यादीत हे नसतं म्हणून लोक जानेवारीत पूर्वेला मांता शोधत बसतात आणि मग म्हणतात काही नव्हतं हो.

दिवाळी म्हणजे नैर्ऋत्य मान्सूनची अखेर. आणि लक्ष्मीपूजन म्हणजे अमावस्या! अमावस्येला उधाण, हे कोकणातल्या कुठल्याही मच्छीमाराला विचारा. उधाणाच्या भरतीने बा अटॉलच्या हनिफारू ह्या छोट्याशा खाडीत प्लँक्टन आत ढकललं जातं, तिथे ते नरसाळ्यात अडकल्यासारखं साठतं, आणि मांता रे एकामागोमाग एक तोंडं उघडून तिथे गोल फिरत जेवायला येतात, चांगल्या दिवशी डझनांनी. तीन-साडेतीन मीटर पंखांचा प्राणी तुमच्या खालून उलटा होऊन जातो आणि त्याच्या पोटावरचे काळे ठिपके दिसतात, प्रत्येकाचे वेगळे, त्यावरूनच अभ्यासक त्यांना ओळखतात. ह्यांना डंख नसतो, दात लावत नाहीत, नुसतं गाळून खातात.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, हनिफारूत स्कूबाला बंदीच आहे. फक्त स्नॉर्केल, म्हणजे वर तरंगत तोंडातल्या नळीने श्वास घेत बघायचं. बुडबुड्यांनी आणि गर्दीने मांता बिचकतात म्हणून. गाईडसोबतच जायचं, ४५ मिनिटं मिळतात, रेंजर लक्ष ठेवून असतात. बा अटॉल २०११ पासून युनेस्कोचं बायोस्फिअर रिझर्व्ह आहे. म्हणजे बघा, तुमच्या यादीतलं सगळ्यात मोठं दृश्य बघायला कार्ड लागत नाही, पोरगीही बघू शकते, आणि मिस्टरसुद्धा, जर त्यांनी आतापासून मनावर घेतलं तर. दिवाळीला अजून काही महिने आहेत, साताऱ्यात पोहण्याचा तलाव आहे, त्यांना आत्ताच लावा. स्पर्धेत उतरायचं नाहीये, पण तोंड पाण्यात घालून निवांत तरंगता आलं पाहिजे. बिनपोहणाऱ्या माणसाला त्या गर्दीत ढकलू नका, लाईफ जॅकेट चालतं का, रिंग धरून गाईड नेईल का हे सेंटरला आधीच मेलवर विचारा.

म्हणून माझं मत, एकच बेट धरा, धारावंधू. बा अटॉलमध्येच आहे, बेटावरच छोटा विमानतळ, मालेहून २० मिनिटांचं विमान किंवा अडीचेक तासांची स्पीडबोट, आणि हनिफारू तिथून बोटीने अगदी जवळ. पहिले ३-४ दिवस उधाणाचे, त्यात सकाळी हनिफारूला एक-दोन फेऱ्या ठेवा (एकाच फेरीवर भिस्त नको, कधी कधी खाडी रिकामी पण असते), आणि डाइव्ह फक्त आतल्या रीफवर. मग अष्टमीकडे भांग लागतो, भरती-ओहोटीचा जोर उतरतो, तेव्हा धारावंधू थिलावर जा, तिथे मांता स्वतःला साफ करून घ्यायला येतात, छोटे मासे त्यांच्या अंगावरचे परजीवी खातात आणि मांता विमानासारखी एका जागी तरंगत राहते. पाण्याखाली बसून ते बघणं मला तरी टायगर शार्कपेक्षा जास्त आवडलं. अर्थात ओढ फक्त भरतीची नसते, मान्सूनची पण असते, त्यामुळे शेवटचा शब्द त्या सकाळी गाईडचाच.

एक मात्र बघा, दिवाळी कधी आहे ते. ऑक्टोबरात असेल तर वरचं सगळं डोळे झाकून करा. नोव्हेंबरात गेली असेल तर हनिफारूचा हंगाम संपत आलेला असतो, मग मी धारावंधूऐवजी दक्षिण आरीतलं धिगुरा घेईन. धिगु म्हणजे लांब, आपल्या दीर्घ शब्दाचंच भावंड, आणि बेट खरंच तसं आहे, तीनेक किलोमीटर लांब नि अरुंद, टोकाला पांढऱ्या वाळूचा पट्टा. तिथल्या बाहेरच्या रीफवर व्हेल शार्क वर्षभर दिसतात, बहुतेक पूर्ण न वाढलेले नर, ५-७ मीटरचे, २००९ पासून तो सगळा पट्टा संरक्षित आहे. तेही बहुतेकदा बोटीवरून शोधून स्नॉर्केलनेच बघतात. हात लावायचा नाही, अंगापासून ३ मीटर आणि शेपटीपासून ४ मीटर लांब, समोर जाऊन रस्ता अडवायचा नाही. बोटवाल्यांनी घाई केली आणि सगळे एकदम त्याच्या डोक्यावर उड्या मारायला लागले तर तुम्ही थांबा, तो खाली निघून जातो आणि मग कुणालाच दिसत नाही.

दोन्ही बेटं नका घेऊ. ८ दिवसांत येणं-जाणं धरून हातात ६ उरतात, त्यात बेट बदललं की एक दिवस बोटीत आणि सामानात जातो.

प्रवाळाबद्दल पण आधीच सांगून ठेवते म्हणजे हिरमोड नको. १९९८ आणि मग २०१६ साली पाणी तापून तिथलं उथळ पाण्यातलं प्रवाळ मोठ्या प्रमाणात पांढरं पडलं आणि मेलं. काही ठिकाणी छान परत आलंय, काही ठिकाणी नुसता राखाडी खच दिसतो, आणि जाहिरातीत फोटो जुनेच असतात. मालदीवला मासे बघायला जायचं. रंगीत प्रवाळाच्या बागेची अपेक्षा ठेवून गेलात तर पहिल्याच दिवशी वाईट वाटेल, मला वाटलं होतं, पाण्यातच.

मुलीचं. १३ वर्षांला ज्युनिअर ओपन वॉटर करता येतो, १० पासूनच करता येतो. १२ ते १४ वयात कार्डधारक मोठ्या माणसासोबत १८ मीटरपर्यंत जाता येतं. पण सगळा कोर्स तिथे केलात तर ३-४ दिवस ती पुस्तकात आणि उथळ पाण्यात, आणि बाहेर मांता. त्यापेक्षा थिअरी ऑनलाइन आणि पूलचा भाग पुण्यात उरकून घ्या, रेफरल म्हणतात त्याला, मग तिथे फक्त समुद्रातल्या ४ डाइव्ह, दोन दिवसांत कार्ड. त्याच पूलमध्ये तुम्हीही रिफ्रेशर करा, जानेवारीनंतर मास्क काढून परत लावलाय का एकदा तरी? रेग्युलेटर (तोंडात धरून श्वास घ्यायचा तो) परत शोधणं, मास्क साफ करणं, एका जागी तरंगत राहणं, हे तिन्ही तासभर करा. आणि पोरीला खरंच पाण्याखाली जायचंय की आई जातेय म्हणून, हे तिला एकटीला विचारा. नको म्हणाली तर स्नॉर्केलवर ती तितकीच खूश राहील.

गेस्टहाऊसच्या बेटांवर दारू मिळत नाही, गावात फिरताना खांदे-गुडघे झाकलेले हवेत, पोहायचे कपडे फक्त त्यासाठी ठेवलेल्या बीचवर. शुक्रवारी सरकारी फेरीबोटी बऱ्याचदा बंद असतात, त्यामुळे येण्याजाण्याचा वार बघून ठरवा. खायला सकाळी मास हुनी, म्हणजे टुना, ओलं खोबरं, कांदा, मिरची, लिंबू कालवून, सोबत रोशी, ती आपली पोळीच समजा. शाकाहारी असाल तर आधी सांगून ठेवा, डाळ-भात करून देतात, पण सोबत मेतकूट-चटणी असू द्या. एका डाइव्हला साधनांसकट साधारण ५० ते ८० डॉलर धरा, टॅक्स आणि सर्व्हिस चार्ज वेगळा, आणि पॅकेज घेताना डाइव्ह कमीच बुक करा. रोज दोन पुरे. जास्त पैसे भरले की थकलेलं असतानाही माणूस उतरतो. भारतीयांना व्हिसा तिथे पोचल्यावर फुकट मिळतो, फक्त निघायच्या आधी त्यांचा ऑनलाइन फॉर्म भरायचा.

सेंटरला मेल करताना हेच विचारा: एका गाईडमागे किती जण, पहिली डाइव्ह चेक डाइव्ह (तुम्हाला कितपत येतं ते बघायची सोपी डाइव्ह) असते का आणि कुठे, प्रत्येकाला स्वतःचा डाइव्ह कॉम्प्युटर (मनगटावरचा, खोली आणि वेळ दाखवणारा) आणि वर आल्यावर बोटीला दिसायचा फुगा मिळतो का, बोटीवर ऑक्सिजन आहे का. उत्तर नीट आलं तर सेंटर चांगलं. मी ६ डाइव्हवाली आहे हे पहिल्याच ओळीत लिहा, लाजू नका, चांगले गाईड त्याने खूश होतात.

शेवटची डाइव्ह आणि विमान यात १८ तास ठेवायचे. ते २० मिनिटांचं छोटं विमान पण यात आलं, फक्त मुंबईचं नाही. म्हणजे परतायच्या आदल्या दिवशी डाइव्ह नाही असंच धरून चाला, तो दिवस मिस्टरांचा, त्यांना हवं ते करा.

सासूबाईंचं म्हणणं मी हसण्यावारी नेत नाही. त्यांची भीती बरोबर ठिकाणी आहे, फक्त त्यांना शार्कची वाटते आणि मला तुमच्या बीपीची वाटते. गोळी चालू असेल तर डाइव्हच्या मेडिकल फॉर्मवर तुम्हाला त्या प्रश्नाला हो लिहावं लागतं, आणि हो लिहिलं की डॉक्टरांची सही लागते. लोक काय करतात, बेटावर फॉर्म हातात आला की सगळीकडे नाही लिहून टाकतात. तुम्ही तसं करू नका, प्लीज. पोरगी शेजारी बसून बघत असेल. आणि बेटावर ऐनवेळी सही द्यायला डॉक्टर मिळणं कठीण, मग डाइव्ह रद्द. फॉर्म आत्ताच डाऊनलोड करा, प्रिंट काढा, डॉक्टरांना गोळीचं नाव-डोस दाखवून विचारा की मेहनत झेपेल का, ईसीजी-स्ट्रेस टेस्ट सांगितली तर करून घ्या. साध्या ट्रॅव्हल इन्शुरन्समध्ये स्कूबा बऱ्याचदा नसतंच, डाइव्हिंगचा वेगळा विमा घ्या, डॅनचा (डायव्हर्स अलर्ट नेटवर्क ही संस्था) मिळतो. मालेजवळ बँडॉस बेटावर रिकम्प्रेशन चेंबर (डाइव्हनंतर त्रास झालेल्यावर दाबाखाली उपचार करायची खोली) आहे, हेही सासूबाईंना सांगा. डॉक्टरांकडे जाताना त्यांनाच सोबत न्या, त्यांच्यासमोरच विचारा.

आणि हे सगळं विमानाचं तिकीट काढायच्या आधी, नंतर नाही.